गांधीलमाशी खरी की बहुरूपी?



या अंकात मी माशीवर लिहिणार आहे. घरमाशीवर नाही. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची जी माशी फुलावर दिसली की आपण "गांधीलमाशी, गांधीलमाशी" असे ओरडून पळतो, तिच्यावर. पळणे चांगलेच आहे. पण जिला बघून आपण पळतो ती दर वेळी गांधीलमाशी नसते. पुष्कळ वेळा ती दुसरीच माशी असते. तिला डंख नसतो. ती कुणाला चावत नाही, कुणाला डसत नाही. ती फक्त गांधीलमाशीचं सोंग घेऊन हिंडते.

हे का लिहायचं, तर आमच्या शाळेच्या परसबागेत हिवाळ्यात मोहरी आणि धने फुलले, तेव्हा फुलांवर अशा माशा खूप आल्या. मधल्या सुट्टीत काही मुलं चपला घेऊन त्यांना मारायला लागली. मारलेल्या माशा फरशीवर ओळीने ठेवल्या. आमच्या बाईंनी भिंग आणलं आणि म्हणाल्या, "मारल्याच आहेत, तर आता नीट बघा तरी." बघितलं, तर ओळीतली एकसुद्धा गांधीलमाशी नव्हती. सगळ्या बिनडंखाच्या. आणि त्याच आठवड्यात दुसरीतल्या एका मुलाने खिडकीवरचं खरं पोळं पट्टीने हलवलं, आणि त्याच्या ओठाला डंख बसला. म्हणजे गरीब माशी मेली आणि खऱ्या माशीला डिवचलं. असं उलटं होऊ नये म्हणून हा लेख.

नाव एक, माशा अनेक

मराठीत आपण सगळ्यांनाच माशी म्हणतो. घरमाशी, मधमाशी, गांधीलमाशी, फळमाशी, कपाशीवरची पांढरी माशी. पण शास्त्राच्या पुस्तकात या सगळ्या एका घरातल्या नाहीत.

खरी माशी म्हणजे जिला दोनच पंख असतात ती. घरमाशीला दोन पंख. फळमाशीला दोन पंख. डाससुद्धा दोन पंखांचा, म्हणून तो माशीचा भाऊबंद आहे. मधमाशीला आणि गांधीलमाशीला चार पंख असतात. त्या मुंगीच्या नात्यातल्या आहेत. पांढऱ्या माशीलाही चार पंख असतात, आणि ती तर माव्याच्या आणि तुडतुड्याच्या नात्यातली आहे. म्हणून नावावर जायचं नाही, पंखांवर जायचं.

माशीला मागचे दोन पंख नसतात, मग त्या जागी काय असतं? तिथे टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक गोळे असतात, दांडीवर बसवलेले. ते उडताना तोल सांभाळतात. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात आडवी काठी धरते ना, तसंच समजा. ते गोळे नसले तर माशीला नीट उडता येत नाही.

बहुरूपी माशी कोण?

आपल्या गावात सुगी झाली की बहुरूपी येतो. कधी पोलीस होऊन येतो. खाकी कपडे, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी, हातात दांडकं. दारात उभा राहून म्हणतो, "चला, तुमच्या नावाने वॉरंट आहे!" मोठी माणसं हसतात, पण लहान पोरं आईच्या मागे लपतात. बहुरूप्याजवळ पोलिसाचं सगळं असतं, फक्त पकडून नेण्याचा अधिकार नसतो.

ही माशी तशीच आहे. तिच्याजवळ गांधीलमाशीचे पट्टे आहेत, पिवळा रंग आहे, गुणगुण आवाज आहे. फक्त डंख नाही. म्हणून मी तिला बहुरूपी माशी म्हणते. शेतीच्या पुस्तकात तिचं नाव सिरफिड माशी आहे. जगात तिच्या हजारो जाती आहेत. आपल्याकडे धने, मोहरी, बडीशेप, कांद्याचं बी, झेंडू, कपाशी यांच्या फुलांवर ती दिसते. थंडीत जास्त दिसते. आपल्या खानदेशात चैत्र-वैशाखात ऊन कडक होतं, मग ती कमी होते.

तिच्यातली एक जात मधमाशीचं सोंग घेते. ती जाडसर, तपकिरी असते. काही जातींच्या डोळ्यांवर ठिपके नाहीतर रेघा असतात, भिंगातून फार सुंदर दिसतात. तिची अळी गटाराच्या, शेणाच्या साचलेल्या पाण्यात राहते. तिला मागे लांब शेपटी असते. ती खरी शेपटी नाही, ती श्वासाची नळी आहे. अळी पाण्यात खाली राहते आणि नळीचं टोक वर काढून हवा घेते.

ओळखायच्या खुणा

आता मुख्य गोष्ट. या खुणा मी लांबून बघायच्या आधी आणि जवळून बघायच्या नंतर, अशा क्रमाने लिहिल्या आहेत. कारण लांबून कळलं तर जवळ जायचं कामच नाही.

१. उडण्याची तऱ्हा. बहुरूपी माशी हवेत एकाच जागी थांबते. दोरीने टांगल्यासारखी. मग एकदम बाजूला सरकते आणि पुन्हा थांबते. गांधीलमाशी अशी फार वेळ थांबत नाही. ती इकडून तिकडे शोधत फिरते.

२. पाय. पोळं करणारी गांधीलमाशी उडते तेव्हा तिचे लांब पाय खाली लोंबकळतात. बहुरूपी माशीचे पाय आखूड असतात, उडताना ते खाली लोंबत नाहीत.

३. कंबर. गांधीलमाशीची कंबर अगदी बारीक असते. कुंभारीण माशीची तर दोऱ्यासारखी असते. बहुरूपी माशीला कंबरच नाही म्हटलं तरी चालेल. छाती आणि पोट सरळ चिकटलेलं. पण काही जातींमध्ये पोटाच्या सुरुवातीला रंग असा असतो की लांबून बारीक कंबर असल्यासारखं वाटतं. म्हणून या एका खुणेवर भरवसा ठेवू नये.

४. डोळे. बहुरूपी माशीचं डोकं म्हणजे जवळजवळ डोळेच. मोठे, गोल, गावातल्या घरमाशीसारखे. नराचे डोळे तर डोक्यावर एकमेकांना टेकतात. गांधीलमाशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि आतल्या बाजूने थोडे खोबणीसारखे कापलेले असतात. दोन डोळ्यांच्या मध्ये तोंडाची रुंद जागा दिसते.

५. मिशा. पुस्तकात त्यांना स्पर्शिका म्हणतात. गांधीलमाशीच्या मिशा लांब असतात, सहज दिसतात आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात. बहुरूपी माशीच्या मिशा इतक्या आखूड असतात की नाहीतच असं वाटतं. मला ही खूण सगळ्यांत सोपी वाटली.

६. तोंड. गांधीलमाशीला जबडे असतात. ती अळी कुरतडते, लाकूड खरवडते. बहुरूपी माशीला स्पंजासारखं तोंड असतं. ती मध आणि परागकण चाटते. तिला चावताच येत नाही.

७. बसल्यावर पंख. पोळं करणारी गांधीलमाशी बसली की पंखांची लांबून घडी घालते, त्यामुळे पंख अरुंद पट्टीसारखे दिसतात. बहुरूपी माशी पंखांची घडी घालत नाही. ते सपाट राहतात, आणि बऱ्याच वेळा दोन्ही बाजूंना थोडे पसरलेले असतात.

८. पंखांची संख्या. माशीला दोन, गांधीलमाशीला चार. ही खूण पक्की आहे, पण मोजायला अवघड. कारण गांधीलमाशीच्या पुढच्या आणि मागच्या पंखांना बारीक आकड्यांनी जोडलेलं असतं, म्हणून चार असून दोन वाटतात. मेलेली माशी भिंगाखाली असेल तरच मोजा. आणि तिला बोटाने नाही, काडीने हलवा. मेलेल्या गांधीलमाशीचा डंखसुद्धा टोचू शकतो.

एक खूण मी मुद्दाम लिहिली नाही, ती म्हणजे रंग. रंगावरून ओळखू नका. रंग तर बहुरूप्याचा गणवेश आहे. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

सोंग कशासाठी?

मला प्रश्न पडला, की माशीला सोंग घ्यायची काय गरज? तिला कुठे भिक्षा मागायची आहे?

त्याचं उत्तर पक्षी. समजा एका लहान पक्ष्याने गांधीलमाशी पकडली आणि त्याला चोचीत डंख बसला. तो पक्षी काळे-पिवळे पट्टे लक्षात ठेवतो. पुन्हा तसं काही दिसलं की नको म्हणतो. रस्त्याच्या कामावर काळे-पिवळे पट्टे रंगवलेले अडथळे ठेवतात, ते बघून गाडी थांबते. किड्यांमध्ये हेच पट्टे "धोका" असं सांगतात.

आता बहुरूपी माशीला डंख नाही. पण पक्षी उडता उडता पंख मोजत बसत नाही, मिशा बघत बसत नाही. त्याला पट्टे दिसतात आणि तो सोडून देतो. माशी वाचते. जिचे पट्टे जास्त हुबेहूब ती जास्त वाचते, तिला जास्त पिल्लं होतात, आणि पिल्लंही तशीच होतात. असं लाखो वर्षं होत गेलं, म्हणून सोंग इतकं चांगलं जमलं. माशीने ते काही ठरवून केलेलं नाही. जगातल्या काही जातींच्या माशा तर पकडल्यावर डंख मारल्यासारखं पोटाचं टोकही टेकवतात. डंख नसतो, पण पकडणारा घाबरून सोडतो.

बाईंनी एक प्रश्न विचारला, तो फार चांगला होता. "खऱ्या गांधीलमाश्या अगदी थोड्या उरल्या आणि बहुरूपी खूप झाल्या, तर काय होईल?" आम्ही विचार केला. मग पक्ष्याला दर वेळी बिनडंखाचीच माशी मिळेल आणि त्याची भीती जाईल. शेतातल्या बुजगावण्याचंही असंच आहे. नुसतं बुजगावणं उभं राहिलं तर चिमण्या काही दिवसांनी त्याच्या डोक्यावर बसतात. मधूनमधून खरा माणूस आला तरच ते उपयोगी पडतं. म्हणजे बहुरूपी माशीला खरी गांधीलमाशी हवीच असते.

सगळेच पक्षी भीत नाहीत. आपल्याकडे तारेवर बसणारा हिरवा वेडा राघू मधमाश्या आणि गांधीलमाश्या पकडून खातो. तो आधी माशीला फांदीवर नाहीतर तारेवर घासतो, आपटतो, मग गिळतो. नाव वेडा आहे, पण काम शहाण्याचं आहे.

हे सोंग कुणी शोधून काढलं?

इंग्लंडमध्ये हेन्री वॉल्टर बेट्स नावाचा माणूस होता. त्याचा जन्म १८२५ साली झाला. तेराव्या वर्षाच्या सुमाराला त्याची शाळा सुटली आणि तो मोजे तयार करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे काम शिकायला लागला. पण त्याला किड्यांचा फार नाद होता. १८४८ साली तो आल्फ्रेड रसेल वॉलेस या मित्राबरोबर दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉन नदीच्या जंगलात गेला आणि तिथे ११ वर्षं राहिला. तिथे त्याला दिसलं, की काही फुलपाखरं कडू असतात, पक्षी त्यांना खात नाहीत. आणि काही फुलपाखरं कडू नसूनही त्यांच्यासारखी दिसतात. त्याने १८६२ साली हे कारणासह छापलं. म्हणून अशा सोंगाला आजही बेट्सचं नाव देतात.

आपल्याकडे अ‍ॅमेझॉनला जायची गरज नाही. बांधावरच्या रुईच्या झाडाजवळ एक केशरी रंगाचं फुलपाखरू हिंडतं. त्याची अळी रुईचा चिकाळ पाला खाते, म्हणून ते पक्ष्यांना आवडत नाही. दुसऱ्या एका जातीची मादी अगदी तशीच केशरी दिसते. तिचा नर मात्र काळा आणि त्यावर मोठे पांढरे ठिपके. म्हणजे एका घरात आईने सोंग घेतलं आणि बाबांनी नाही! तेव्हा आपल्या बांधावरही बेट्सचा धडा आहे.

आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हतं. पण शेतातलं, झाडावरचं बारीकसारीक त्यांना दिसत होतं आणि त्यावर त्या गाणी रचत होत्या. बघायला काही पैसे पडत नाहीत, असं मला वाटतं.

खऱ्या गांधीलमाशीविषयी

गांधीलमाशी वाईट आहे असं कुणी समजू नये. तिचं घर कागदाचं असतं. ती वाळलेलं लाकूड, काड्या खरवडते, तोंडातल्या थुंकीत कालवते आणि त्याचे सहा कोनांचे कप्पे करते. आपल्या धाब्याच्या घरांना, गोठ्याला, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात असं पोळं एका देठाने लटकलेलं असतं. फ्रान्समधल्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७१९ साली हेच दाखवून सांगितलं होतं, की गांधीलमाशी लाकडाचा कागद करते तर माणसालाही करता येईल. तेव्हा कागद चिंध्यांपासून होत असे. आज हा लेख ज्या कार्डशीटवर चिकटवला आहे, तशा कागदासाठी लाकडाचा लगदा वापरतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षं अशा पोळ्यांचा अभ्यास केला. एकेका गांधीलमाशीला रंगाचे बारीक ठिपके लावायचे, म्हणजे कोण कोणतं काम करतं ते ओळखता येतं. आपल्या गुरुजींनी आम्हांला हजेरी क्रमांक दिले आहेत तसंच.

गांधीलमाशी आपल्या पिल्लांसाठी अळ्या पकडून आणते. त्यात पिकावरच्या अळ्याही असतात. कुंभारीण माशी चिखलाची खोली बांधते, तिच्यात कोळी नाहीतर अळ्या ठेवते, आणि अंडं घालून दार बंद करते. फोटोच्या मागे, दाराच्या चौकटीत मातीचा गोळा दिसतो तो तिचाच. ती एकटी राहते आणि सहसा कुणाला डसत नाही.

आपण म्हणतो "गांधीलमाशी चावली", पण ती तोंडाने चावत नाही, मागच्या टोकाने डंख मारते. डंख फक्त मादीला असतो, कारण तो अंडी घालण्याच्या अवयवापासून झालेला आहे. मधमाशीच्या डंखाला उलटे काटे असतात, म्हणून तो आपल्या कातडीत अडकून राहतो आणि ती मरते. गांधीलमाशीचा डंख अडकत नाही, ती पुन्हा पुन्हा मारू शकते.

माव्याचा वैरी

आता पालकांनी विशेष वाचावं असा भाग.

बहुरूपी माशी मोठेपणी फक्त मध आणि परागकण खाते. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाते, त्यामुळे परागीभवनही होतं. पण तिची अळी वेगळं खाते. मादी माशी माव्याच्या जवळ पांढरी, लांबट, अगदी बारीक अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते. तिला पाय नसतात. तोंडाकडे निमुळती, मागे जाड. ती मावा पकडते, वर उचलते आणि आतला रस पिऊन टाकते. मग रिकामी कातडी टाकून देते. मोठी होईपर्यंत एक अळी शेकडो मावा संपवते. नंतर पानावरच पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा कोष करते.

मावा म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. कपाशीवर, दादरवर, मोहरीवर, धन्यावर तो बसतो, रस पितो, पानं चिकट होतात. माव्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्लं देते, म्हणून तो पटापट वाढतो.

अडचण अशी, की पानावर अळी दिसली की आपण ती चिरडतो. मीही घरी आईला भाजी निवडताना बघते. अळी दिसली की टाकली. म्हणून या अळीच्याही खुणा लिहिते.

नुकसान करणारी अळी पान खाते. पानाला भोकं पडतात, खाली काळी विष्ठा पडलेली असते. तिला पाय असतात.

मित्र अळी माव्याच्या गर्दीत बसलेली असते. पानाला भोक नसतं. तिला पाय नसतात. आजूबाजूला माव्याच्या रिकाम्या कातड्या पडलेल्या असतात.

ही दुसरी अळी दिसली तर तिला राहू द्या. ती फुकट काम करते आहे.

आणि फवारणीचं औषध मित्र आणि शत्रू असं बघत नाही. बरीच औषधं मावाही मारतात आणि माव्याला खाणाऱ्यालाही मारतात. मावा लवकर वाढतो, माशी तितकी लवकर वाढत नाही. मग पुन्हा मावा येतो आणि पुन्हा फवारणी. म्हणून फवारायच्या आधी पान उलटं करून बघावं. मित्र अळ्या पुष्कळ असतील तर थोडं थांबावं. लागलंच तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क वापरता येतो. पाच किलो निंबोळ्यांच्या गराची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी होईल इतकं मिसळायचं. फवारणी फुलांवर माशा हिंडत नसतील तेव्हा, म्हणजे संध्याकाळी करावी. जास्त माहिती रावेर तालुक्यात पाल येथे आणि धुळ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारता येते.

आमच्या परसबागेतल्या मोहरीवर मावा होता. ही माहिती कळल्यावर आम्ही दोन ओळी तशाच ठेवल्या. बाई म्हणाल्या, रोज बघा आणि लिहा. पानांमागे बिनपायाच्या अळ्या सापडल्या. त्या काय करतात ते भिंगातून पहिलीतल्या मुलांनीही बघितलं. आता परसबागेत कुणी चपला नेत नाही. कोथिंबीर खिचडीत पडते, तेव्हा तिच्यात या माशीचाही वाटा आहे.

सगळीच सोंगं मित्र नसतात

इथे एक सावधगिरी. गांधीलमाशीसारखी दिसणारी आणखी एक माशी आहे, फळमाशी. तिचा रंग पिवळसर-तांबूस, कंबर जरा बारीक. मादीच्या मागच्या टोकाला सुईसारखी नळी असते. ती डंख नाही, माणसाला ती टोचत नाही. पण तिने ती गिलके, कारले, पेरू, आंबा यांत टोचते आणि आत अंडी घालते. मग फळ आतून किडतं. म्हणजे बिनडंखाची असली तरी ती शेतकऱ्याची मित्र नाही. म्हणून प्रत्येकीला वेगळं ओळखावं लागतं. सगळ्या मारा हेही चूक आणि सगळ्या सोडा हेही चूक.

हात लावायचा नाही

लेख वाचून कुणी म्हणेल, "मला आता कळतं, ही बहुरूपी आहे," आणि हाताने पकडायला जाईल. तसं करू नका. विचार करा. बहुरूपी माशीला गांधीलमाशी समजून लांब राहिलो, तर आपलं काय गेलं? काहीच नाही. पण गांधीलमाशीला बहुरूपी समजून पकडलं, तर डंख बसणार. दोन्ही चुका सारख्या नाहीत. पक्षीसुद्धा हेच गणित करतो. माझी आजी आमच्या अहिराणीत म्हणते, "माय, दूरतून दख, हात नको लावू." तोच नियम. ओळखायचं ते मारण्यासाठी नाही आणि पकडण्यासाठीही नाही. ओळखायचं ते सोडून देण्यासाठी.

पोळ्याजवळ हे पाळा:

पोळ्याला दगड, काठी, पट्टी लावू नका. त्याला पेटवू नका. शाळेत पोळं दिसलं तर गुरुजींना किंवा बाईंना सांगा.

माशी अंगाजवळ आली तर हात झाडू नका. हळूहळू बाजूला व्हा. काही जातींमध्ये एकीला चिरडलं की त्या वासाने बाकीच्या धावून येतात. पुष्कळ आल्या तर तोंड झाकून लांब पळा आणि घरात जा.

डंख बसलाच तर:

जागा साबणाने आणि पाण्याने धुवा. थंड पाण्याची घडी ठेवा. मधमाशीचा काटा अडकला असेल तर तो लगेच काढून टाका. बोटाला डंख असेल तर अंगठी, हाताला असेल तर बांगडी आधीच काढा, नंतर सूज येते. लोखंड घासल्याने विष उतरत नाही. रॉकेल लावू नका, कातडी भाजते.

तोंडात किंवा घशात डंख बसला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. लगेच दवाखान्यात न्यायचं. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. हा क्रमांक प्रत्येकाने पाठ करावा. आमच्या वर्गात आता सगळ्यांचा पाठ आहे.

ओळखा पाहू

मोहरीच्या वाफ्याजवळ एक वही टांगली आहे. जी माशी दिसेल तिच्या खुणा तिच्यात लिहायच्या. नाव कळलं नाही तरी चालेल, खुणा बरोबर पाहिजेत. पालकांनीही लिहावं. सरावासाठी तीन कोडी देते.

१. मी फुलासमोर हवेत थांबते, माझे डोळे डोक्याएवढे, मिशा दिसत नाहीत. मी कोण?

२. माझी कंबर दोऱ्यासारखी, मी चिखलाचं घर बांधते. मी कोण?

३. माझे पाय उडताना लोंबकळतात, मिशा लांब, पंखांची घडी घालते. माझ्यापासून लांब राहा. मी कोण?

उत्तरे: १. बहुरूपी म्हणजे सिरफिड माशी. २. कुंभारीण माशी. ३. गांधीलमाशी.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी, ता. पारोळा, जि. जळगाव